गाण्याच्या परीक्षेला कोणाला बसवायचं आणि तयारी कशी करून घ्यायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालक विचारतात, तसेच नव्याने क्लास सुरू केलेले तरुण शिक्षकही विचारतात. उत्तरं मुंबईतल्या क्लासमधल्या रोजच्या कामातून आलेली आहेत. भर हिंदुस्थानी शास्त्रीय गायनावर आहे; पाश्चात्त्य गायनाच्या ग्रेडबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

"गांधर्वच्या परीक्षा" म्हणजे नेमक्या कोणत्या? किती असतात?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, आणि त्यापुढे अलंकार प्रथम व पूर्ण. सुरुवातीच्या दोन परीक्षांना लेखी पेपर नसतो, तो प्रवेशिका पूर्णपासून येतो. मध्यमेपासून बडा ख्याल (संथ लयीत गायची मोठी रचना) आणि स्वतःचा विस्तार यांचं वजन वाढतं, आणि विशारदला मंचप्रदर्शन येतं. वर्षात दोन सत्रं असतात, एक एप्रिल-मेच्या सुमारास आणि दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. फॉर्म आपल्या केंद्रातून काही महिने आधी भरायचा असतो.

विद्यार्थी तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

पेटी बंद करा.

आपल्या क्लासेसमध्ये मुलं जे गातात त्यातलं निम्मं गाणं पेटी गात असते. क्लासच्या ताई पेटीवर बंदिश (रागात बांधलेलं गीत) वाजवतात आणि मूल तिच्या किंचित मागून स्वर पकडत जातं. कानाला ते बरोबर वाटतं, कारण पेटीचा आवाज मुलाच्या आवाजावर पसरलेला असतो. सामूहिक वर्गात तर एखादी खणखणीत आवाजाची मुलगी अख्खी रांग ओढत नेते आणि तिच्या शेजारची चार मुलं वर्षभर ओठ हलवून वेळ निभावतात. त्यांच्या आईवडिलांना वाटतं, वर्ष झालं, आता परीक्षा.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी प्रत्येकाला एकेकट्याने गायला लावा. साथीला तानपुरा आणि तबला एवढंच. तबला दोन आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) वाजू द्या आणि बंदिश उचलायला सांगा, मात्रा न मोजता, खूण न करता. त्रितालातली बंदिश खालीपासून (टाळीऐवजी हात वळवून दाखवतात त्या मात्रेपासून), म्हणजे नवव्या मात्रेपासून उठणारी असेल तर मूल सम (तालाची पहिली मात्रा) ऐकून तिथेच सुरू करतं का, की नवव्याची वाट न पाहता समेवरच उडी मारतं? स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, झाल्यावर मध्येच थांबवा, दुसऱ्या कशाबद्दल दोन वाक्यं बोला, आणि मग थेट अंतरा, म्हणजे दुसरा भाग, म्हणायला सांगा. अंतऱ्याचा तार षड्ज (वरचा सा) ताणून, मान वर करून काढावा लागतो की सहज लागतो? शेवटी विचारा, आत्ता कुठला स्वर म्हणालास? ज्याला हे सगळं जमतं त्याचा फॉर्म भरा. ज्याला पहिलंच जमत नाही त्याला या सत्रात बसवू नका, मग आईने कितीही आग्रह केला तरी.

पेटी बंद करण्याचं आणखी एक कारण आहे. पेटीचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीचे स्वर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेले असतात. सतत पेटीबरोबर गाणारं मूल तानपुऱ्यावर आलं की त्याचा भूप रागातला गंधार टोचतो. अनुभवी परीक्षकाच्या हे पहिल्या आलापातच लक्षात येतं.

किमान वय किती असावं?

वयापेक्षा दोन गोष्टी पाहा. मूल वीस-पंचवीस मिनिटं एका जागी बसू शकतं का, आणि चुकलं तर रडू न येता पुन्हा सुरू करू शकतं का. साधारण आठ-नऊ वर्षांची मुलं प्रारंभिक आनंदाने देतात. सहा वर्षांच्या मुलाला सूर असला तरी अनोळखी परीक्षक समोर आले की तो आईच्या मागे लपतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला अजून दोन वर्षं गाणी, अलंकार आणि टाळ्या वाजवत ताल एवढंच करू द्या.

"प्रारंभिक सोपी आहे, थेट पुढच्या परीक्षेला बसवा ना, वर्ष वाचेल."

हा प्रश्न नसून आग्रह असतो, तरी उत्तर देते. थेट कुठल्या परीक्षेला बसता येतं हे मंडळाच्या नियमावलीत असतं आणि केंद्रचालक ते सांगतात. पण नियमात बसतं म्हणून विद्यार्थी बसवायचा नसतो. माझा शिरस्ता असा की, विद्यार्थी आज जे राग पेटीशिवाय गातो ते ज्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहेत, ती परीक्षा त्याची. पालकांना जी हवी असते ती बहुतेक वेळा एक पायरी वरची असते. वाचवलेलं ते वर्ष मध्यमेला व्याजासकट परत द्यावं लागतं. बडा ख्याल सुरू झाला की ज्याची लय कच्ची आहे तो विलंबित (संथ) एकतालात समेपर्यंत पोचतच नाही, आणि तिथे गाणं सोडणारी मुलं फार.

मोठ्या माणसांचं वेगळं. निवृत्तीनंतर शिकायला आलेले काका किंवा नोकरी-संसार सांभाळून येणाऱ्या बायका यांनी भजन, नाट्यगीत, भावगीत आयुष्यभर ऐकलेलं असतं. त्यांच्या कानात राग आधीच असतो, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. ते पुष्कळदा वेगाने पुढे जातात. त्यांची अडचण ताल हातावर धरण्याची आणि परीक्षेच्या धास्तीची असते. लहान मुलांच्या रांगेत बसून परीक्षा द्यायची लाज वाटते म्हणतात. केंद्रावर गेलं की दिसतं, तशी आणखी चार जणं रांगेत असतात.

दहावीला जादा गुण मिळतात ना?

मिळतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुणांची सवलत आहे. किती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर किती गुण, याचे आकडे शासननिर्णयांनी बदलत आले आहेत. त्यामुळे शेजारच्या ताईला तीन वर्षांपूर्वी किती मिळाले यावर न जाता शाळेच्या कार्यालयात चालू नियम विचारा. प्रस्ताव शाळेमार्फत, मुदतीत, प्रमाणपत्रांच्या प्रतींसह जातो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच हवं. "चि." लावलेलं, वडिलांचं नाव गाळलेलं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, अशा प्रमाणपत्रांवरून दहावीच्या ऐन धांदलीत पळापळ होते. प्रारंभिकचा फॉर्म भरतानाच पूर्ण नाव नीट लिहा.

गुणांसाठी गाणं शिकू नये, असं उपदेशाचं वाक्य मी टाकणार नाही. गुणांसाठी आलेली काही मुलं पुढे गाण्यासाठी राहिली आहेत. पण हिशेब सरळ आहे: आठवीत पहिल्यांदा क्लासला येऊन दहावीपर्यंत पाच परीक्षा होत नाहीत. तसं आश्वासन देणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

एप्रिल बरा की नोव्हेंबर?

शाळकरी मुलांना एप्रिल-मेचं सत्र. वार्षिक परीक्षा उरकलेली असते, सकाळ मोकळी असते, रियाजाला वेळ मिळतो. अडचण एकच, गावाला जायची. कोकणातलं तिकीट आधी काढून ठेवलेलं असतं आणि परीक्षेची तारीख मग कळते. फॉर्म भरणार असाल तर तिकीट थांबवा, किंवा परत यायचं तिकीटही काढा.

नोव्हेंबरच्या सत्राची तयारी मुंबईत पावसाळ्यात होते, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये निम्मा वर्ग खोकत असतो. मग गणपती, नवरात्र, सहामाही परीक्षा, दिवाळी. दिवाळीनंतर फटाक्यांच्या धुराने बसलेले घसे घेऊन मुलं येतात. तरी मोठ्यांना हे सत्र बरं पडतं.

दहावी-बारावीच्या वर्षात परीक्षा नको. क्लास मात्र सोडू नका, आठवड्यातून एकदा येऊन तासभर गाऊन जाऊ दे.

तयारीचे महिने कसे वाटून घ्यावेत?

पहिला निम्मा काळ फक्त गाण्यासाठी ठेवा, परीक्षेचं नावही काढू नका. अलंकार, सरगमगीत, रागांच्या चलनाची ओळख आणि बंदिशी. मग एकेका रागात चार-सहा आलाप आणि साध्या ताना. शेवटच्या दोन महिन्यांत परीक्षेचा साज: ताल हातावर, तोंडी व्याख्या, स्वर ओळखणं, एका रागातून दुसऱ्यात जाणं. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवायचं नाही. ही सगळ्यात अवघड शिस्त आहे, आणि ती मुलांपेक्षा शिक्षकांना पाळता येत नाही.

घरच्या रियाजाचं विचाराल तर शाळेत निघण्याआधीची वीस मिनिटं पुरतात. वन रूम किचनमध्ये आजी झोपलेली, बाबा नाइट शिफ्ट करून आलेले, भिंतीपलीकडे शेजारी. अशा घरात तासभर खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) लावा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. दबक्या आवाजात गायची मात्र सवय लावू नका. वीस मिनिटं, पण मोकळ्या गळ्याने. सोसायटीची गच्ची संध्याकाळी मिळाली तर उत्तम.

पट्टी कोणती ठेवायची?

पट्टी म्हणजे ज्या स्वराला सा धरून गायचं तो. ती मुलाची, क्लासची नव्हे. सामूहिक वर्गात सोयीसाठी सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावतात आणि मुलं तीच आपली समजून परीक्षेला जातात. लहान मुलं आणि बऱ्याच मुली पेटीच्या काळी चार-पाचच्या आसपास मोकळ्या गातात, पुरुष काळी एक-दोनच्या आसपास. पण हा नुसता अंदाज आहे. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ऐकू येईल इतका लागावा आणि तार गंधार-मध्यम किंचाळी न होता यावा, त्यामध्ये जी बसते ती पट्टी. ती मुलाला स्वतःला सांगता आली पाहिजे. परीक्षेच्या खोलीत साथीदार विचारतात, "पट्टी?" आणि मूल दाराकडे, बाहेर उभ्या असलेल्या ताईंकडे बघतं. तेवढ्याने घाबरगुंडीला सुरुवात होते.

मुलाचा आवाज फुटतोय. परीक्षा द्यावी का?

बारा ते पंधराच्या दरम्यान कधीतरी मुलग्यांचा आवाज खाली उतरतो. काही महिने तो कुठेच राहत नाही: बोलताना जाड, गाताना मध्येच चिरकतो. या काळात वरच्या पट्टीत ताणून परीक्षा देऊन घेणं गळ्याशी खेळणं आहे. हे सत्र सोडा. तोवर खालच्या पट्टीत, मोजक्या स्वरांत, हलक्या आवाजात गाऊ दे. ताल, लेखी अभ्यास आणि ऐकणं भरपूर करून घ्या. त्याला स्पष्ट सांगा की आवाज गेलेला नाही, बदलतोय. कोणी सांगितलं नाही म्हणून गाणं सोडलेली मुलं मुंबईच्या प्रत्येक क्लासमध्ये आहेत. मुलींचा आवाजही या वयात थोडा बदलतो, श्वास मिसळल्यासारखा होतो, पण इतका अडत नाही.

सारखे वाटणारे राग मुलं एकमेकांत मिसळतात. काय करावं?

स्वर पाठ करून घेतले की हे होणारच. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. आरोह-अवरोह म्हणून दाखव म्हटलं तर दोन्ही सारखेच. फरक बसण्याच्या जागेत आहे. भूप गंधारावर येऊन बसतो: ग, रे ग, प ग, ध प ग, रे सा. देशकार वरच्या अंगात राहतो आणि धैवतावर थांबतो: ध, प, ग प ध, प. गंधारावर तो रेंगाळला की लगेच भूप होतो. मुलांना हे सांगून कळत नाही. दोघांना समोरासमोर बसवा. एकाने भूपाचं वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने त्याच स्वरांत देशकाराने उत्तर द्यायचं. पंधरा मिनिटांत खेळ होतो आणि जो गंधारावर थांबला त्याला बाकीचे ओरडून सांगतात.

भीमपलास आणि बागेश्रीचंही तसंच. दोन्हींत गंधार-निषाद कोमल, दोन्ही काफी थाटातले. पण भीमपलासात वर जाताना रिषभ-धैवत सोडायचे आणि पंचमाला मान, तर बागेश्रीत मध्यम-धैवताची जवळीक आणि पंचम अगदी जपून. परीक्षक विचारतात, "आता बागेश्री दाखव," आणि आधीचा भीमपलास तोंडात घोळत असलेलं मूल सरळ पंचमावर जाऊन बसतं. म्हणून तयारीत राग सुटे सुटे घोटू नका. शेवटच्या महिन्यात एका रागातून झटकन दुसऱ्यात जायचा सराव रोज पाच मिनिटं करा.

तालाची दुगुण हातावर का बिघडते?

दुगुण म्हणजे हाताची लय तीच ठेवून बोल दुप्पट वेगाने म्हणणं. ती बिघडते, कारण तोंडाबरोबर हातही दुप्पट होतो. मुलं टाळी दुप्पट वेगाने वाजवतात आणि दुगुण झाली असं समजतात. ती दुगुण झाली नाही, लय वाढली. हाताची लय जिथल्या तिथे राहिली पाहिजे.

झपताल घ्या. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मात्रा दहा, टाळ्या एक, तीन आणि आठवर, खाली सहावर. दुगुणीत पहिल्या मात्रेत "धीना", दुसऱ्यात "धीधी", तिसऱ्यात "नाती". तिसऱ्या मात्रेवर हाताला टाळी द्यायची आहे आणि तोंडात खालीचा "ती" येतोय. इथेच बहुतेक मुलं हात वळवतात आणि खाली दाखवतात. पुढे पाच मात्रांत बोल एकदा संपतात. सहाव्या मात्रेवर पुन्हा पहिल्यापासून "धीना" सुरू, आणि तिथे हाताला खाली आहे. म्हणजे तोंडात सम, हातात खाली. त्रितालातही दुसरी फेरी नवव्या मात्रेवर, खालीवरच सुरू होते. ही एक जागा पक्की केली की दुगुण सुटते. आधी बोल न म्हणता फक्त आकडे म्हणायला लावा: एकदोन, तीनचार, पाचसहा. हात संथ. दोन दिवसांनी आकड्यांच्या जागी बोल घाला.

रूपक शिकवताना समेवरच खाली असते हे आधीच सांगून टाका, नाहीतर मुलं पहिल्या मात्रेला टाळी मारतात.

तानपुऱ्याचं ॲप चालेल का?

रियाजाला चालेल. फोन पातेल्यात ठेवून आवाज मोठा करू नका, छोटा स्पीकर घ्या. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला पंचमाऐवजी मध्यम लावायचा, हे मुलाला स्वतःला करता आलं पाहिजे. महिन्यातून एकदा तरी खरा तानपुरा समोर ठेवा आणि मुलांना तारा छेडू द्या. ज्याने तानपुरा कधी हातात धरला नाही तो विशारदपर्यंत जातो, असंही मुंबईत घडतं. मला ते बरं वाटत नाही.

आलाप-ताना लिहून, पाठ करून घ्याव्यात का?

प्रारंभिक-प्रवेशिकेला हो, थोड्या. लहान मुलाला "तुझं तू कर" म्हटलं तर ते घाबरतं. पण पाठ केलेल्या चार आलापांनंतर पाचवा त्याचा स्वतःचा असू दे, भले तो दोन स्वरांचा का असेना. परीक्षकांना पाठ केलेलं लगेच कळतं. एकाच क्लासची दहा मुलं ओळीने आत जाऊन अक्षरशः तीच तान घेतात. मध्यमेनंतर पाठांतर चालत नाही.

बंदिशीचे शब्द मात्र पाठ आणि स्वच्छ हवेत. बहुतेक बंदिशी ब्रजभाषेच्या वळणाच्या. मराठी मुलं "मोरा", "बालमवा", "आवत" हे अर्थ न कळता गातात आणि शब्द कुठेही तोडतात. दोन मिनिटांत अर्थ सांगा, तोडणं आपोआप थांबतं.

लेखी पेपरला काय विचारतात? दोन स्वरलिपींचा घोळ कसा टाळायचा?

व्याख्या, रागांची माहिती, ताल लिहून दाखवणं, बंदिशीचं स्वरलेखन आणि थोरांची चरित्रं. मुलं मार खातात ती स्वरलेखनात. पलुसकर पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो मंद्र, आणि उभी रेघ असेल तर तार. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे तार आणि खालचं टिंब म्हणजे मंद्र. एकच टिंब, अर्थ बरोब्बर उलटा. कोमल स्वर पलुसकर पद्धतीत पाय मोडून दाखवतात, तर भातखंडे पद्धतीत खाली आडवी रेघ देऊन. सम पलुसकरांकडे १, भातखंड्यांकडे ×. खाली पलुसकरांकडे +, भातखंड्यांकडे ०. क्लासमध्ये एका पद्धतीची वही आणि घरी आणलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीचं असलं की मूल अख्खा अंतरा मंद्रात लिहून येतं. पहिल्या दिवशीच ठरवा आपली पद्धत कोणती, वहीच्या पहिल्या पानावर खुणांचा तक्ता करा, आणि दुसरी पद्धत वरच्या परीक्षेत तुलनेसाठी लागेल तेव्हा वेगळी शिकवा.

चरित्रं घोकून घेण्यापेक्षा शहराशी जोडून द्या. पं. विष्णु नारायण भातखंडे १८६० साली वाळकेश्वरला जन्मले, पेशाने वकील. पं. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ सालचे, कुरुंदवाडचे. त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं १९०१ साली लाहोरला, ते मुंबईत आलं १९०८ मध्ये, आणि परीक्षा घेणारं मंडळ स्थापन झालं १९३१ साली, त्यांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांकडून. १९०१ आणि १९३१ या दोन सालांची अदलाबदल पेपरात हमखास होते. पलुसकरांचे शिष्य बी. आर. देवधर यांचं विद्यालय ऑपेरा हाऊसजवळ होतं आणि कुमार गंधर्व तिथे शिकले, हे सांगून एखाद्या रविवारी मुलांना त्या भागातून चालवत न्या. नंतर घोकावं लागत नाही.

कोणाला मुळीच बसवू नये?

ज्याला स्वतःला नको आहे त्याला. ज्याचा सूर अजून षड्जावरच हलतो त्याला. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी तयारी चालू असलेल्या मुलालाही त्या सत्रात नको. दोन वेगळ्या गायकी एकाच वेळी घशात कोंबल्या जातात. आणि ज्याच्या घरी भावंड "फर्स्ट क्लास फर्स्ट" आलं आहे आणि आता तुलनेची तयारी चालली आहे, त्याला एक वर्ष थांबवून वेगळ्या रागांनी सुरुवात करा.

परीक्षेच्या दिवशी काय सांभाळायचं?

परीक्षा रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वे, हार्बर, पश्चिम, कुठेही असू शकतो, आणि "ठाण्याहून अर्ध्या तासात पोचतो" हे रविवारी खरं नसतं. प्रवेशपत्र, ओळखपत्र, वही आणि पाण्याची बाटली घ्या. पाणी साधं. सकाळी घरी पंधरा मिनिटं मंद्र-मध्य सप्तकात गळा उघडून निघा. केंद्राच्या जिन्यात तार षड्ज लावून बघत बसू नका; तिथे आधीच चाळीस मुलं तेच करत असतात आणि सगळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या. वर्ग एसी असेल तर आत जाऊन दोन मिनिटं शांत बसू द्या. दही, आइस्क्रीम याबद्दल घरोघरी वेगवेगळे समज आहेत. मी इतकंच सांगते की आदल्या रात्री तळकट खाऊन उशिरा झोपू नका.

पालकांनी दाराला कान लावू नये. मूल बाहेर आल्यावर "काय विचारलं?" याआधी "भूक लागली का?" विचारा.

आत चुकलं तर? थांबायचं नाही, पुढच्या समेला येऊन मिळायचं. सम गाठणाऱ्या मुलाची मधली चूक परीक्षक पुष्कळदा सोडून देतात. चुकल्यावर जीभ चावणारं, "सॉरी सर" म्हणणारं मूल स्वतःच चूक अधोरेखित करतं. हा सराव क्लासमध्ये करून घ्या: गाताना मुद्दाम खोकून, दार वाजवून त्यांना विचलित करा.

घसा बसला आणि परीक्षा तीन दिवसांवर आहे?

कमी बोला, कुजबुजू मात्र नका, त्याने घसा आणखी ताणला जातो. वाफ, कोमट पाणी, झोप. ताप असेल किंवा आवाज पूर्ण गेला असेल तर डॉक्टरांकडे जा आणि सत्र सोडा.

पाश्चात्त्य गायनाच्या ग्रेड परीक्षा द्याव्यात का?

मूल पाश्चात्त्य गायन शिकत असेल तर जरूर. मुंबईत एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा देता येतात. एबीआरएसएममध्ये १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. ट्रिनिटीत १०० पैकी ६०, ७५ आणि ८७. एबीआरएसएमच्या प्रत्यक्ष परीक्षेत एक पारंपरिक गीत साथीशिवाय गावं लागतं, कागदावरून बघून गाणं असतं आणि श्रवणाची चाचणी असते. गाणी आपल्या आवाजाला सोसेल त्या स्केलमध्ये गाता येतात. सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिचा मान्य पर्याय पूर्ण असावा लागतो, आणि तिथे बरीच मुलं अडकतात, कारण पहिली पाच वर्षं थिअरीकडे कोणी बघितलेलं नसतं.

दोन्हीकडे एकाच वर्षी परीक्षा नको. दोन्ही शिकणाऱ्या मुलांना साथीशिवायच्या गीतात आमच्याकडच्या तानपुऱ्याच्या सवयीचा फायदा मात्र होतो.

निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला.

कुठल्या भागात कमी पडलं हे मुलाकडून त्याच दिवशी, परीक्षा झाल्या झाल्या लिहून घेतलेलं असेल तर आता उपयोग होतो: काय विचारलं, काय आलं, कुठे अडलं. दोन महिन्यांनी निकाल हातात आल्यावर कोणालाच काही आठवत नाही. नापास झालं तर त्याच परीक्षेला पुन्हा बसवा, पण बंदिशी बदलून. त्याच बंदिशी पुन्हा घोटल्या की त्याच जागी तीच चूक होते.

पास झाल्यावर पुढचा फॉर्म लगेच भरायचा का?

नाही. मधलं एक सत्र मोकळं सोडा. त्या काळात अभ्यासक्रमाबाहेरचं गाऊ द्या: अभंग, नाट्यगीत, गणपतीत सोसायटीच्या मंडपात एखादं भक्तिगीत. मग पुन्हा पेटी बंद करून ऐका, आणि तेव्हा ठरवा.